गाळलेली अकरा मिनिटं

"ऐकू येतंय ना सगळं? मग झालं तर! अजून काय पाहिजे तुला?"

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मघापासून तेच सांगतोय. ती ओठ बघते. आणि तुम्ही ओठांचा लगदा करून ठेवलाय."

फोटोवाल्याने टोपी मागे सरकवली. हा दुकानात पंख्याखाली बसूनही टोपी घालतो आणि शूटिंग करताना बोटांची चौकट करून एक डोळा मिटतो, म्हणून सगळी गल्ली त्याला डायरेक्टर म्हणते. तो खूश होतो. ती थट्टा आहे हे त्याला अजून कळलेलं नाही.

"हे बघ बाळ..."

"बाळ नाही."

"बरं, साहेब. ही डीव्हीडी आहे. डीव्हीडीत एवढंच दिसतं. तुमच्या काकांनी बघितली, त्यांना आवडली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आणि शाळा सोडून बसलेला तू मला शिकवणार?"

काउंटरवरच्या टीव्हीत आजोबा थांबवून ठेवले होते. चारी बाजूंनी गुलाबांची नक्षी, खाली आमचं आडनाव सोनेरी अक्षरांत. नक्षीमुळे आजोबा आणखी आत ढकलले गेलेले. त्यांच्या तोंडाच्या जागी एक तपकिरी डाग होता. तो हलायचा, पण काय बोलतोय ते देवालाही कळलं नसतं.

आत्या माझ्या शेजारी उभी होती. टेबल टेनिसची मॅच बघावी तशी तिची मान आमच्या दोघांच्या तोंडांकडे वळत होती. तिला दोघांचंही पुरतं कळत होतं. जिवंत माणसाचे ओठ कितीही भरभर हलू देत, तिला वाचता येतात. कळत नव्हते ते फक्त तिच्या बापाचे.

आत्या नऊ वर्षांची असताना तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलता येत होतं, ते राहिलं. आजोबा तेव्हा कापडाच्या कारखान्यात मागावर होते. मागाच्या खोलीत एवढा खडखडाट असतो की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं बोलताना आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, रबर ताणल्यासारखे. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मजेत गप्पा चालतात. आत्याचे कान गेले तसे आजोबा घरी तिच्याशी तसंच बोलायला लागले. समोरासमोर बसून दोघं जेवायचे, मधेच फिसकन हसायचे, आणि बाकीचे सगळे ताटातून मान वर करून बघायचे. काकाला ते कधी जमलं नाही. त्याने शिकायचा प्रयत्नच केला नाही म्हणा.

बाकी घरात आत्याला सगळं गाळून मिळायचं. दहा मिनिटं भांडण चाललेलं असायचं, ती विचारायची काय झालं, की उत्तर यायचं, "काही नाही गं, असंच." मी लहान होतो तेव्हापासून हे बघतोय. मीसुद्धा केलंय.

आता आत्या त्याच कारखान्यात आहे, तागे तपासते. उजेडाच्या काचेवरून कापड सरकत जातं आणि धागा चुकला की ही खडूने खूण करते. राहते कारखान्याच्या बायकांच्या हॉस्टेलवर, दोन बस बदलून जावं लागतं. तिला कांजिण्या झाल्या आणि नेमके तेव्हाच आजोबा बिछान्याला खिळले. डॉक्टर म्हणाले, अंगावरचे फोड वाळेपर्यंत म्हाताऱ्याजवळ जायचं नाही. ते वाळले तोवर आजोबा राहिले नव्हते.

ते जायच्या आठवडाभर आधी काकाने त्याच्या नव्या कॅमेऱ्यावर त्यांचं बोलणं घेतलं होतं. चौतीस मिनिटं. आणि आजोबा गेल्यापासून काकाचं एकच पालुपद, "अण्णांची शेवटची इच्छा आहे, तू नोकरी सोडून घरी यायचं. मी कॅमेऱ्यावर घेतलंय. अण्णा स्वतः हो म्हणालेत." राजीनाम्याचा कागदही त्यानेच टाईप करून आणला. सोमवारी द्यायचा. आत्याने तो घडी करून पिशवीत ठेवला आणि एवढंच म्हणाली, "अण्णा म्हणताना मला दिसू दे. मग सही करते."

आज रविवार होता, आणि दिसत होता हा डाग.

मी डायरेक्टरच्या हातातला रिमोट घेतला आणि पुढे पळवलं. चौदाव्या मिनिटाला अचानक बासरी सुरू झाली. आजोबा हळूहळू मोठे झाले, मग धूसर झाले, त्यांच्यावरून एक फुलपाखरू उडत गेलं. फुलपाखरू! मग एकदम काका खोलीत परत आलेला दिसला.

"हे काय केलंय?"

"तिथं काही नाहीच," डायरेक्टर म्हणाला. "काकांना फोन आला, ते बाहेर गेले, कॅमेरा राहिला चालू. म्हातारबुवा एकटेच बसलेत आणि नुसतं तोंड हलवतायत. आवाज नाही, काही नाही. अकरा मिनिटं! कोण बघणार? मी दीड मिनिटात आटपलं आणि वर म्युझिक टाकलं. उलट आभार मानायला पाहिजेत तुम्ही."

आत्याने त्याच्या ओठांवरून ते वाचलं. तिने काउंटरची कड धरली.

"कुणाकडे बघून?" तिने विचारलं.

"आं?"

"तोंड हलवत होते. कुणाकडे बघून?"

"कॅमेऱ्याकडे," डायरेक्टर म्हणाला. "सरळ कॅमेऱ्याकडे."

आत्या माझ्याकडे वळली आणि तिने आवाज न काढता ओठ हलवले. मला मागाची भाषा येत नाही, पण एवढं मलाही कळलं. ती म्हणाली, माझ्याशी.

मूळ व्हिडिओ डायरेक्टरने कॉम्प्युटरवरून पुसून टाकला होता, जागा लागते म्हणे. मी त्याला जे बोललो ते इथे सांगत नाही. टोपी त्याने स्वतःच उचलून घेतली खालून.

*

आता मूळ होतं ते फक्त कॅमेऱ्याच्या पोटात, आणि कॅमेरा काकाकडे. आम्ही गेलो तेव्हा काका तो कॅमेरा खोक्यात भरत होता. दुपारी त्याचा मित्र न्यायला येणार होता, त्याच्या मुलीच्या लग्नासाठी.

"देण्याआधी सगळं साफ करून देतो," काका म्हणाला. "आपलं खासगी कशाला त्याच्याकडे?"

"काका, दोन तास दे. मी उतरवून घेतो."

"डीव्हीडी केली ना? एवढी छान केली. मेनू आहे, फुलं आहेत."

"फुलं नकोत. आजोबा पाहिजेत."

"कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर बघ म्हणावं तिला." त्याने स्क्रीन उघडून आत्यासमोर धरली. काड्यापेटीएवढी स्क्रीन. त्यात अख्खा पलंग, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, कारण काकाला सगळं यायला पाहिजे होतं. आजोबांचं तोंड मोहरीएवढं. काकाच्या जुन्या खोक्या टीव्हीला जोडलं तरी फरक नाही, त्या टीव्हीलाच तेवढं दिसत नाही. आत्याने मान हलवली.

"मग मी सांगितलंय ना तिला काय म्हणाले ते!" काका माझ्यावर ओरडला. "मी समोर होतो! मी विचारलं, तिने आता घरी यावं ना, अण्णा? ते म्हणाले हो. यात बघायचंय काय? आणि तू कोण रे? नववीत बाक मोडून घरी बसलास, आता सिनेमे काढतोस? तुझा बाप तिकडे ट्रकवर रात्रंदिवस..."

त्याने कॅमेरा परत खोक्यात टाकला, आणि मी खोक्यावर बसलो. दुसरं काय करणार? कॅमेरा आत, मी वर.

"ऊठ."

"नाही."

"ऊठ म्हणतो ना!"

"बोलव मित्राला. माझ्यासकट घेऊन जाऊ दे."

काकाने माझी कॉलर धरली. मी त्याचं मनगट धरलं. खरं सांगतो, तेव्हा माझं डोकं गेलं होतं, पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. पण तेवढ्यात आत्या बोलली.

"दादा! कॅमेरा दे!"

आत्याला तिचा आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, असं सगळे समजतात. जिन्यात दारं उघडली. समोरची म्हातारी बाहेर आली.

"हळू," काका हाताने दाखवायला लागला. "हळू बोल, लोक ऐकतायत."

"अण्णा माझ्याशी बोललेत!" आत्या आणखी मोठ्याने म्हणाली. "अकरा मिनिटं! तू ती पुसणार आहेस का? सांग सगळ्यांना, पुसणार आहेस का?"

"अगं, कोण पुसतंय... घे रे, घे तो कॅमेरा, आणि हिला घेऊन जा. तीन वाजता परत पाहिजे मला."

खाली रस्त्यावर आलो तेव्हा आत्याने मला कोपराने ढोसलं. तिचा चेहरा अगदी साधा होता. "फार मोठ्याने बोलले का मी?" तिने विचारलं, अगदी बेताच्या आवाजात.

*

माझा कॉम्प्युटर चार मेलेल्या कॉम्प्युटरांचा आहे. एकाचं खोकं, एकाची हार्ड डिस्क, असं. आई त्याला मढं म्हणते. कॅमेऱ्यातून सव्वाचार जीबी उतरायला बारा मिनिटं लागली, आणि ते लावून बघितलं तर चित्र अडकत अडकत, सेकंदाला दोन-तीन फोटो बदलावेत तसं. एवढं बारीक चित्र भराभर उलगडून दाखवायची ताकद मढ्यात नाही. पण एक चित्र थांबवून मी मोठं केलं. आत्या स्क्रीनला नाक लावून बसली.

"दात दिसतायत," ती म्हणाली.

मी मोजलं. कॅमेऱ्याच्या चित्रात आजोबांचं तोंड आडवं साठ-बासष्ट ठिपक्यांचं. डायरेक्टरच्या डीव्हीडीत नक्षी-बिक्षी जाऊन वीससुद्धा नाहीत. वीस ठिपक्यांत माणूस काय बोलणार? आणि वर त्याने एका डिस्कमध्ये दोन तास बसतील असं दाबून घातलेलं, म्हणजे ते वीसही एकमेकांत कालवलेले. हे त्याला कळत नाही असं नाही. त्याला वाटतं बघणाऱ्याला कळत नाही.

आता युक्ती ऐका. माझ्याकडे ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा कितीतरी बारीक चित्राची डिस्क, लिहिणारा ड्राइव्ह नाही. पण हॉस्टेलच्या हॉलमध्ये मोठा पातळ टीव्ही आहे आणि त्याला ब्लू-रे प्लेअर, कारखान्याने दिलेला. साध्या डीव्हीडीवरच कॅमेऱ्याचं चित्र, त्याला हात न लावता, ब्लू-रेच्या पद्धतीने मांडून लिहिलं तर तो प्लेअर ते ब्लू-रे समजून दाखवतो. पस्तीसेक मिनिटंच बसतात, पण आपल्याला चौतीसच पाहिजेत. मुद्दा एवढाच की चित्र नव्याने बनवायचं नाही. दाबायचं नाही, सुधारायचं नाही, फुलं लावायची नाहीत. आहे तसं उचलून ठेवायचं. त्यामुळे मढ्यालाही ते झेपतं, दाखवता येत नसलं तरी लिहिता येतं. हे मला कुठल्या सरांनी नाही शिकवलं. कॅफेत बसून परक्या माणसांची भांडणं वाचली इंटरनेटवर, त्यातून कळलं.

कोऱ्या डिस्क तीन होत्या. पहिली मी वाया घालवली. घाई होती म्हणून सगळ्यात जास्त वेगावर लिहिली, आणि तपासली तर मढ्यालाच वाचता येईना, खरखर करत बसलं. चूक माझीच. मी डिस्क भिंतीवर मारली. आत्याने ती उचलली, उजेडात धरून बघितली, जशी ती कापड बघते, आणि म्हणाली, "घाईत विणलंय."

दुसरी सगळ्यात कमी वेगावर लिहिली. कॅमेरा आईच्या हाती काकाकडे पाठवला. आई जाता जाता म्हणाली, "मारामारी केलीस?" म्हटलं, जवळजवळ. ती म्हणाली, "जवळजवळ बरं," आणि गेली.

*

हॉस्टेलच्या हॉलमध्ये आठ बायका टीव्ही बघत बसल्या होत्या. सगळ्या मागावरच्या. कुणी वेणी घालत होती, कुणी नखं कापत होती. पुरुषांना हॉलपर्यंतच यायला परवानगी, म्हणून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"हा पुरुष?" वेणीवाली म्हणाली.

"होईल," नखंवाली म्हणाली.

आत्याने त्यांना काहीतरी सांगितलं, आवाजाशिवाय. टीव्हीवरची मालिका ताबडतोब बंद झाली. मी डिस्क घातली. प्लेअर घुरघुरला, थांबला, परत घुरघुरला. आणि आजोबा आले.

अख्ख्या भिंतीएवढे वाटले मला. गालावरचे पांढरे खुंट, चष्म्याची दोरा बांधलेली काडी, सगळं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात उडणारी धूळसुद्धा. आत्या खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसली, टीव्हीच्या पुढ्यात.

पहिली चौदा मिनिटं काका बोलत होता. आजोबा कमीच. मग तो प्रश्न आला. "तिने आता घरी यावं ना, अण्णा? एकटी बाई, ऐकू येत नाही, किती दिवस बाहेर राहणार? हो ना?" आजोबांनी खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, हो. तू म्हणशील तसं." आवाजात. मला ऐकू आलं, आत्याला दिसलं. तिची पाठ एकदम ताठ झाली. म्हणजे काका खोटं बोलत नव्हता. हिला हेच दाखवायला का मी दिवसभर मरमर केली?

मग काकाचा फोन वाजला, तो उठून बाहेर गेला. आजोबांनी दाराकडे बघून खात्री केली. चष्मा सरळ केला. कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मोठे मोठे. मागावरचे.

हॉल शांत. टीव्हीही शांत, कुठल्याशा पंख्याची घरघर सोडली तर काही नाही. आणि एकदम आत्या धरून नऊच्या नऊ बायका हसल्या! वेणीवालीने तोंडावर हात मारला. आत्या तर मागे पडता पडता राहिली.

"काय? काय म्हणाले?" मी विचारलं.

कुणी वळूनही बघितलं नाही. आजोबा बोलत होते, बायका वाचत होत्या. एकीने "खरं आहे" अशी मान हलवली. दुसरीने डोळे पुसले. मी मधे उभा, धडधाकट दोन कानांचा, आणि मला काडीचं कळत नव्हतं.

"आत्या, काय म्हणतायत?" मी तिचा खांदा हलवला.

ती म्हणाली, "काही नाही रे, असंच. नंतर सांगते."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने एक क्षण तसंच चालू दिलं. मग तिच्या डोळ्यांत हसू आलं, मेली मुद्दाम बोलली होती! तेवढ्यात चित्राने उडी मारली. जेमतेम दीड सेकंद. आजोबांची मान इकडे होती ती एकदम तिकडे.

आत्याने हात वर केला. "थांबव. इथे धागा तुटलाय."

मला लगेच कळलं. कॅमेरा सोळाएक मिनिटांनी नवीन तुकडा सुरू करतो, आणि मी तुकडे नीट न जोडता एकामागे एक नुसते मांडले होते.

"एखादं वाक्य गेलं असेल," मी म्हटलं. "पुढचं तर आहे. पुढचं बघ ना."

"नाही."

"एकच वाक्य आत्या! परत जायला दोन बस..."

"मला आयुष्यभर एकेक वाक्य गाळून सांगतात," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज मोठा नव्हता. "अण्णांचं मला सगळं पाहिजे. जा."

गेलो. तुकडे टोकाला टोक लावून एकसंध चिकटवले, चित्राला कुठे धक्का न लावता. तिसरी, शेवटची डिस्क. ती लिहून होईपर्यंत मी खुर्चीवरून हललो नाही, मांडी घालून बसलो, मढ्याला शिवीसुद्धा दिली नाही. परत दोन बस. हॉलमध्ये बायका होत्या तशाच बसलेल्या, कुणी जागा सोडली नव्हती. चार जणी वाढल्या होत्या.

या वेळी आत्याने मला शेजारी बसवलं आणि आजोबा बोलतील तसं मला मोठ्याने सांगत गेली. आजोबांचे शब्द, तिच्या आवाजात.

"तुझ्या भावाला हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तो अजून तासभर समजावत बसला असता, आणि मला लघवीला लागलीय." यावर मघाशी त्या हसल्या होत्या.

"वाईट नाही तो. त्याला भीती वाटते, त्याला काळजी म्हणतो. पण तू येऊ नकोस. घरी आलीस तर हे लोक तुला काही नाही, असंच, असं म्हणतील, आणि तू स्वयंपाकघरात बसून विचार करशील की काय झालं असेल. मी होतो तोवर ठीक होतं. आता कोण सांगणार तुला? कारखान्यात तुला सगळं पुरतं कळतं. तिथे तू बहिरी नाहीस. घरी आहेस."

मग ते तुटलेलं वाक्य आलं, ज्याच्यासाठी मी चार बस बदलल्या. आत्याने ते वाचलं आणि हसत हसत रडायला लागली. मी म्हटलं काय?

"याला पंखा बंद करून जा म्हटलं होतं, गेला तसाच," आत्या म्हणाली. "बाई गं. पंखा!"

पुढेही बरंच होतं, अकरा मिनिटं म्हणजे काही कमी नाहीत. ते तिचं आहे. काही तिने मला मोठ्याने सांगितलं, काही ठिकाणी ती गप्प राहिली, आणि मी विचारलं नाही.

*

रात्री हॉस्टेलवरूनच मी फोनवर काकाला सांगितलं. तो उसळला. "ओठ हलवले म्हणजे तुम्ही पाहिजे तो अर्थ काढणार! अण्णा पुटपुटत होते शेवटी शेवटी, सगळ्यांना माहितीय. तिला पाहिजे ते तिने वाचलं."

मी ते तसंच्या तसं आत्याला सांगितलं, एक शब्द न गाळता. ती म्हणाली, "त्याला म्हणावं उद्या सोमवारी दोन वाजता हॉलमध्ये ये. माझी पाळी तीनला आहे. मी बाहेर बसते. आज जे हॉलमध्ये नव्हते असे मागावरचे तीन जण बोलावते, तिघांना तीन कोपऱ्यांत बसव, प्रत्येकाला वेगळा कागद दे. जे दिसेल ते लिहा म्हणावं. मग दादानेच तिन्ही कागद मोठ्याने वाचायचे."

काका म्हणाला, "येतो. बघतोच." त्याच्या आवाजात आधीचा जोर नव्हता, पण येतोय. रागात येतोय. राजीनाम्याचा कागद आत्याने सही न करता माझ्या हाती आईकडे पाठवला, त्याचा त्याला परत द्यायला.

आज सकाळी मी नवीन डिस्क आणल्या आणि आणखी दोन प्रती लिहिल्या, सगळ्यात कमी वेगावर. एक आत्यासाठी, एक कुठेतरी लपवायला. कारण आमच्या घरात हाताला येईल ते फेकायची सवय एकट्या मलाच आहे असं नाही. या डिस्कवर एकदा लिहिलं की पुसता येत नाही, मोडता मात्र येतं. काकाने एक मोडली तर मी शांतपणे दुसरी घालणार. शांतपणे. आत्याने तसं कबूल करून घेतलंय माझ्याकडून.

तो माझ्या शाळेबद्दल बोलेल. बोलू दे. मी त्याला त्याचाच प्रश्न ऐकवणार, "हो ना?" म्हणून त्याने जो शेवटी जोडला होता तो, आणि मग विचारणार की प्रश्न विचारून झाल्यावर उत्तरासाठी तू किती सेकंद थांबलास. मी मोजलेत. एकसुद्धा नाही.

दुसरी डिस्क आत्ताच बाहेर आली, अजून गरम आहे. खिडकीतून दिसतंय, आत्या मला न्यायला आलीय, रस्त्याच्या पलीकडून हात हलवतेय, आणि बस वळणावर आलीय. वरून ओरडून तिला आलो म्हणून सांगता येत नाही. मला आता निघायलाच पाहिजे.